समुद्राकाठचं घर आणि वासण्याचा कॉल

मोनाबेनचा फोन आला तेव्हा माझ्या गाडीची पुढची चाकं पाण्यात होती.

"माधवीबेन, क्यां छो तमे?"

मी कुठे आहे हे मला पटकन सांगता आलं नाही. समोर रस्ता असायला हवा होता. तिथे मातकट पाणी होतं आणि ते आडवं, जोरात वाहत होतं.

"रेश्माला ब्लीडिंग सुरू झालंय," त्या म्हणाल्या. "खूप आहे. निमेष फोन उचलत नाही. तुम्ही किती वेळात पोचता?"

मी भूलतज्ज्ञ आहे. शस्त्रक्रियेच्या वेळी पेशंटला भूल देणं आणि ऑपरेशन संपेपर्यंत त्याचा श्वास, रक्तदाब, नाडी सांभाळणं हे माझं काम. बडोद्यातल्या लहान हॉस्पिटलांना पगारी भूलतज्ज्ञ ठेवणं परवडत नाही. आमच्यासारखे लोक फोन आला की जातात. सकाळी अलकापुरी, दुपारी गोरवा, संध्याकाळी वासणा. याला आम्ही 'कॉल' म्हणतो. वासण्याला डॉक्टर मोनाबेनचं प्रसूतीगृह आहे आणि तिथे मी बरीच वर्षं जाते. माझा फ्लॅट तिथून जवळ आहे. निदान समुद्राकाठी जाईपर्यंत मी तिथेच राहत होते.

समुद्राकाठी जायचं कारण माझा नवरा, सुधीर. त्याची सगळी नोकरी गोरव्याच्या एका इंजिनिअरिंग युनिटमध्ये, प्रेस शॉपला गेली. पत्रा दाबून आकार देणारी मोठी मशीनं तिथे दिवसभर आदळत असतात. रिटायर झाल्यावर मशीनं थांबली, पण त्याच्या कानात एक शिट्टी कायमची राहिली. दिवसा गडबडीत ती जाणवत नाही. घर शांत झालं की वाजायला लागते. आम्ही सगळे उपाय केले. तो रात्र रात्र हॉलमध्ये पंखा फुल करून बसायचा.

मग एकदा जंबुसरच्या पुढे, आखाताच्या काठावर, त्याच्या मित्राच्या रिकाम्या घरी आम्ही मुक्कामाला गेलो. गावाचं नाव लिहीत नाही. माणसं चांगली आहेत आणि दोष गावाचा नव्हता. तिथे वारा सतत घोंघावत असतो आणि भरतीला पाण्याचा मोठा आवाज येतो. त्या आवाजात सुधीरची शिट्टी बुडून गेली. दुसऱ्या दिवशी उन्हं वर आली तरी तो झोपलेला होता. मी दोनदा जाऊन त्याचा श्वास चालू आहे ना ते बघून आले. आमच्या धंद्याची सवय.

आपण इथेच राहायला येऊ या, असं तो म्हणाला, तेव्हा मला नाही म्हणवेना. फक्त फ्लॅट लगेच विकायचा नाही, आधी दोन महिने राहून बघायचं, असं ठरलं. मॅपवर बडोद्याचा रस्ता दोन तासांचा दिसत होता. मी कामाची फेरमांडणी केली. आधी ठरलेली ऑपरेशनं तेवढी मी घेणार. इमर्जन्सीला निमेष, माझ्याहून बराच तरुण आणि हुशार भूलतज्ज्ञ, जाणार. एखादा पेशंट जोखमीचा असेल तर त्या दिवसांत मी वासण्याच्या फ्लॅटवर राहणार. मोनाबेनना हे सगळं सांगितलं होतं. "वांधो नहीं," काही अडचण नाही, असं त्या म्हणाल्या होत्या.

रेश्मा जोखमीचीच होती. बाळाला रक्त पुरवणारी वार गर्भाशयात वरच्या बाजूला असते. तिची खाली, अगदी तोंडावर होती. अशा बाईचं नेहमीसारखं बाळंतपण होत नाही, सिझेरियनच करावं लागतं आणि ते वेळेआधी ठरवून करतात. कारण वार सुटायला लागली की रक्त नळासारखं वाहतं. तिचं सिझेरियन त्या आठवड्याच्या शेवटी होतं. पुलावर अडकले त्याच दिवशी दुपारी अलकापुरीची ठरलेली ऑपरेशनं संपवून मी फ्लॅटवर राहायला जाणार होते. बॅग मागच्या सीटवर होती.

गावातून बाहेर पडायला खाजणातून जाणारा एकच रस्ता. मध्ये खाडीच्या एका फाट्यावर छोटा पूल. पूल जरा उंच, दोन्ही बाजूंचा रस्ता सखल. उधाणाला कधी कधी पाणी रस्त्यापर्यंत येतं हे आम्हाला गावात सांगितलं होतं, आणि तासाभरात उतरतं हेही. आम्ही आल्यापासून ते एकदाही आलं नव्हतं. त्या दिवशी अमावस्या होती आणि पहाटेपासून समुद्राकडून जोराचा वारा सुटला होता. पूल ओलांडून उतारावर आले आणि पाणी दिसलं. पलीकडच्या काठावर दूध डेअरीची गाडी थांबली होती. तिचा ड्रायव्हर दोन्ही हात हलवून मला मागे जा म्हणत होता.

मी गाडी रिव्हर्समध्ये टाकून पुलावर घेतली आणि आरशात पाहिलं. मागचा रस्ताही गेला होता. मी ज्या रस्त्याने दोन मिनिटांपूर्वी आले होते तिथे आता बाभळीच्या फांद्या वाहत होत्या.

फोन चालूच होता. मोनाबेन पुन्हा विचारत होत्या, किती वेळ.

त्या वेळी तोंडावर आलेलं उत्तर होतं, "येते, निघालेच आहे." हे उत्तर आम्ही सगळे रोज देतो. पण मी ते दिलं असतं तर त्यांनी माझी वाट बघितली असती. रेश्माला टेबलवर घेऊन, सगळं मांडून, दाराकडे बघत राहिल्या असत्या. तेवढ्या वेळात काय होतं ते मी माझ्या शिकण्याच्या दिवसांत एकदा पाहिलं आहे.

"मी येत नाही असं धरून चाला," मी म्हणाले. "पुलावर अडकलेय. दोन्हीकडे पाणी आहे. माझी वाट बघू नका."

त्या म्हणाल्या, "तो कोण?" म्हणजे, मग कोण?

मोठ्या हॉस्पिटलला हलवायचं तर रस्त्यात अँब्युलन्समध्ये तिचं रक्त संपलं असतं. मी गोरव्याला निमेषच्या ओटीत, म्हणजे ऑपरेशन थिएटरमध्ये, फोन लावला. सिस्टर म्हणाली, मशीनमध्ये हात सापडलेला एक कामगार टेबलवर आहे, डॉक्टरांनी त्याला आत्ताच भूल दिली आहे. पेशंट बेशुद्ध असताना भूलतज्ज्ञ टेबल सोडू शकत नाही. मी आणखी दोघांना लावला. एक गावाबाहेर होता, दुसरी उचलत नव्हती. गाडीत नेटवर्क येत-जात होतं, म्हणून मी बाहेर पुलाच्या कठड्याशी उभी राहिले. कठडा गुडघ्याएवढा. पाणी पुलाच्या कडेपासून हातभर खाली होतं. खालून जाताना ते पुलाला घासत होतं आणि ते तळपायांना कळत होतं. मला पोहता येत नाही.

मग मला कर्णिक सर आठवले.

सरांनी मला भूलशास्त्र शिकवलं. मोनाबेनच्या हॉस्पिटलच्या मागच्याच सोसायटीत राहतात. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या हाताला किंचित कंप आला आणि कुणी काही बोलायच्या आत त्यांनी काम थांबवलं. कुणी कितीही आग्रह केला तरी ओटीत पाऊल टाकलं नाही. त्यांच्या हातून काही बरंवाईट झालं असतं तर त्याचं ओझं त्यांना उरलेला जन्मभर वाहावं लागलं असतं, आणि तिथे त्यांना पाठवणारी मी असणार होते. हे मला त्या कठड्याशी स्पष्ट दिसत होतं. तरी मी फोन लावला.

सरांनी सगळं ऐकून घेतलं. हाताबद्दल मी काही बोलले नाही, तेही बोलले नाहीत. चप्पल घालत असावेत, कारण फोन तसाच चालू ठेवून ते चालायला लागल्याचं ऐकू येत होतं.

थोड्या वेळाने मोनाबेनच्या ओटीतला फोन स्पीकरवर आला. सरांनी त्यांच्या नेहमीच्या हलक्या आवाजात विचारलं, "माधवी, हे मशीन नवीन आहे. याची बटणं सांग."

ते मशीन सरांनी काम सोडल्यावर आलं होतं. मी डोळे मिटून ते समोर आणलं आणि एकेक बटण सांगत गेले. मध्येच औषध कुठलं वापरावं हे सांगायला लागले तर ते म्हणाले, "ते राहू दे. ते मी शिकवलंय तुला."

इथे एक गोष्ट समजावून सांगते. पूर्ण भूल देताना आधी ऑक्सिजन देतात, मग औषध. औषध गेलं की पेशंटचा स्वतःचा श्वास थांबतो. मग तोंडातून श्वासनलिकेत नळी घालायची आणि मशीनने श्वास द्यायचा. नळी चुकून अन्ननलिकेत गेली तर हवा पोटात जाते, फुप्फुसात नाही. बाळंतिणीच्या घशाला सूज असते, त्यामुळे चूक होणं सोपं. नळी बरोबर बसली की पेशंट बाहेर सोडत असलेल्या कार्बन डायऑक्साइडची रेघ मॉनिटरवर उमटते. ती रेघ दिसेपर्यंत, इतकी वर्षं झाली तरी, मी स्वतः श्वास घेत नाही.

सर म्हणाले, "औषध गेलं." मग काहीतरी धातूचं वाजलं. मग मोनाबेनचा आवाज, ब्लड प्रेशर पडतंय. मग बराच वेळ काहीच नाही.

"सर, रेघ आली का?"

वाऱ्यात मला काही ऐकू येईना. मी फोन कानावर दाबून पुन्हा विचारलं. मग पाहिलं तर नेटवर्क गेलं होतं.

मी पुलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फोन वर धरून फिरले. गाडीत बसले, पुन्हा बाहेर आले. पाणी आता कडेला टेकलं होतं आणि त्याचे पातळ पापुद्रे डांबरावर येत होते. आपली गाडी वाहून जाईल का, हा विचार आला, पण तो दुसऱ्याच कुणाचा असावा तसा लांबून आला. मला एवढंच दिसत होतं की एक बाई टेबलवर आहे, तिचा श्वास औषधाने थांबलेला आहे, आणि तिच्या तोंडाशी एक थरथरणारा हात आहे. तो हात तिथे मी पाठवला आहे. पलीकडचा ड्रायव्हर काहीतरी ओरडून सांगत होता. मी मान हलवली. काय म्हणाला ते आजही मला माहीत नाही.

पाणी चढलं तसंच, काही न सांगता, उतरलं. रस्त्याच्या कडेचे दगड आधी वर आले. ड्रायव्हरने चालत पुढे येऊन रस्ता शाबूत असल्याची खात्री केली आणि मला हाताने बोलावलं. मी चिखलातून गाडी काढली.

हमरस्त्याच्या फाट्यावर नेटवर्क आलं. मिस्ड कॉल होते, त्यातले बरेच सुधीरचे. मी मोनाबेनना लावला, उचलला नाही. सरांनी उचलला नाही. रिसेप्शनवरच्या मुलीने उचलला. "बधा अंदर छे, बेन," एवढंच तिला माहीत होतं. सगळे आत आहेत. आत असण्याचे अर्थ मला फार चांगले ठाऊक आहेत. सगळं ठीक असेल तर कुणीतरी बाहेर येऊन चहा मागतं.

जंबुसर, मग पाद्रा, मग वासणा. मी पुन्हा फोन केला नाही. कळलं असतं तर मला गाडी चालवता आली नसती असं वाटत होतं.

हॉस्पिटलच्या जिन्यावर निमेष भेटला. त्याचा कामगार शुद्धीवर आल्यावर तो धावत आला होता आणि सरांकडून केस त्याने हातात घेतली होती. त्याच्या पायमोज्यांवर रक्त होतं. तो म्हणाला, "आहेत दोघं."

रक्ताच्या बऱ्याच बाटल्या द्याव्या लागल्या. रेश्मा दोन दिवस आयसीयूत होती. बाळ कमी वजनाचं, पण रडलं लगेच. मुलगी. नळी पहिल्या प्रयत्नात गेली नव्हती, असं निमेषने नंतर सांगितलं. सरांनी ती शांतपणे बाहेर काढली, मास्कने ऑक्सिजन दिला आणि पुन्हा घातली. माझा फोन कट झाला तो त्या मधल्या वेळात.

सर डॉक्टरांच्या खोलीत बसले होते. समोर चहा होता, पण कप उचलण्याजोगे त्यांचे हात नव्हते. मी काही बोलायच्या आत ते म्हणाले, "मला पुन्हा असा फोन करू नकोस. केलास तर मी येईन, म्हणून सांगतो."

संध्याकाळी सुधीर गावातल्या कुणाच्या तरी मोटरसायकलवर पाद्र्यापर्यंत आणि तिथून एसटीने आला. त्याने गच्चीवरून सगळं पाहिलं होतं. पांढरी गाडी पुलावर, दोन्हीकडे पाणी, आणि गाडीभोवती फिरणारी मी. "तू कठड्याशी गेलीस आणि दिसेनाशी झालीस," तो म्हणाला. "मी हाका मारत होतो. मला माझीच हाक ऐकू येत नव्हती." आपण परत येऊ या, असं त्यानेच सांगितलं. मी सुचवायच्या आधी.

आम्ही पूर्ण परत आलो नाही. महिन्यातले काही दिवस तो एकटा तिकडे राहतो. माझ्याकडे एकही जोखमीचा पेशंट नसेल अशा शनिवारी मी जाते, पण असे शनिवार कमी येतात. बाकीचे दिवस तो वासण्याला असतो आणि हॉलमध्ये पंखा फुल असतो. हा तोडगा चांगला आहे असं मी म्हणणार नाही. दुसरा आम्हाला सापडला नाही.

अलीकडे आमच्यातले तरुण डॉक्टर शहराबाहेर प्लॉट बघतात आणि मला रस्त्याबद्दल विचारतात. मॅपवरचे तास मी त्यांना विचारत नाही. मी म्हणते, रविवारी घर बघायला जाऊ नका. ज्या दिवशी इकडे कुणाचं तरी तुमच्यावाचून अडलं असेल, त्या दिवशी तिथून निघून बघा. आणि तुमच्या बदली जो येणार आहे, त्याला आधी स्वतः विचारा, की तो खरंच येऊ शकेल का.