नसलेल्या फटीतली पाचर

वारज्याला आमच्या गल्लीच्या टोकाला एका बंगलीच्या कुशीत पत्र्याची शेड होती. दारावर पाटी होती : ‘सल्ला विचारल्यावरच द्यावा. विचारला जाणार नाही.’ ही पाटी लावणाऱ्या काकांकडे मी नऊ वर्षं दर रविवारी सकाळी जात होतो आणि त्यांचा सल्ला मला न विचारताच मिळत होता.

काका हडपसरच्या एका कारखान्यात टूलरूमचे फोरमन होते. नव्वदीनंतर बाहेरून नवी यंत्रं आली, टूलरूम बंद झाली आणि काकांनी स्वेच्छानिवृत्ती घेतली. “स्वेच्छा कोणाची, तेवढं फॉर्मवर विचारलं नव्हतं,” असं ते म्हणत. घरी आल्यावर त्यांनी पत्रे उभे केले, मध्यभागी गोल करवतीचं मशीन बसवलं आणि कारखान्यातला एक रिवाज जसाच्या तसा शेडमध्ये आणला. तिथे नापास मालावर लाल खूण करत. इथे आम्ही बनवलेली वस्तू काका उजेडाला धरत, डोळा बारीक करत आणि जिथे चूक दिसेल तिथे लाल खडूने गोल काढत. वस्तू घरी न्यायची, चूक दुरुस्त करायची आणि पुढच्या रविवारी काय केलं ते बोटाने दाखवायचं. फट असेल तर लाकडाची पाचर मारायची आणि पाचर कुठे मारली ते दाखवायचं. तोपर्यंत नवीन काम हातात मिळत नसे.

आम्ही म्हणजे मी आणि कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवणारे एक सर. सरांना दुर्बिणीचं वेड होतं. काच ते उत्तम घासत, पण स्टँड स्वतः बनवत. त्यावरून चंद्र बघितला की चंद्रच कुठूनतरी पिऊन आलाय असं वाटायचं. काकांनी त्या स्टँडवर पहिल्याच दिवशी अकरा गोल काढले होते. “सर, यात न चुकलेली जागा सांगा. मी तिलाच गोल करतो. खडू वाचेल.”

माझी गोष्ट वेगळी. मी सॉफ्टवेअरवाला. दिवसभर पडद्यासमोर बसून आल्यावर हाताला काहीतरी खरं लागावं म्हणून मी लाकडाकडे वळलो होतो. काकांना माझी नोकरी कधीच पटली नाही. “तुझं काम दिसत नाही, हाताला लागत नाही, बिघडलं तर आवाजसुद्धा येत नाही,” ते म्हणायचे. “आणि लोक म्हणतात देश पुढे गेला.” माझ्या हातून लाकूड आखूड कापलं गेलं की सर मुद्दाम विचारायचे, “अहो, ते तुमचं मागे जायचं बटण कुठेय?” मी हसायचो. खरं सांगतो, आठवडाभरात माझी इतकी चेष्टा दुसरं कोणी करत नसे आणि तीच मला आठवडाभर पुरत असे.

मग काकांच्या मुलाने गाडी बुक केली. मुलगाही आमच्याच धंद्यातला. हडपसरच्या एका आयटी पार्कमध्ये जायचा. तिकडे जाण्यायेण्यात त्याचं अर्धं आयुष्य चाललं होतं, त्यामुळे गाडी हवीच होती. गाडी ठेवायला जागा एकच, शेडची. एका रविवारी तो चहाचा ट्रे घेऊन खाली आला आणि आमच्यादेखत म्हणाला, “बाबा, तुम्हाला पेपर वाचायला भिंग लागतं. आणि या करवतीवर तुम्ही बोटं घालता. माझं ऑफिसात लक्ष लागत नाही हो.”

काका शांतपणे म्हणाले, “पेपरात वाचण्यासारखं काही नसतं. ज्या दिवशी माझं इन्स्पेक्शन चुकेल, त्या दिवशी शेड मोड.”

“कबूल?”

“या दोघांना साक्षीदार ठेव.”

साक्षीदार म्हणून आम्ही चहा प्यायलो. काकांची नजर चुकेल असं त्या वेळी आमच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

दोनच आठवड्यांनी चुकली.

मी मुलीसाठी टेबल करत होतो. जुन्या बाजारातून आणलेल्या सागाच्या चौकटी फोडून त्याचं लाकूड काढलं होतं. त्याच्या खणाच्या एका कोपऱ्याचा जॉइंट मी तीन रविवार घासत बसलो होतो. लाकडाचे दात एकमेकांत असे बसले होते की आत कागद शिरला नसता. मी खण काकांच्या हातात दिला आणि बाजूला उभा राहिलो. काकांनी तो उजेडाला धरला, कोपऱ्यावरून बोट फिरवलं, थोडे थांबले. मग डोळा बारीक केला आणि नेमका त्याच कोपऱ्यावर लाल गोल काढला.

“फट आहे. अर्धं सूत.”

फट नव्हती. सागाच्या अंगातली काळी रेघ होती, जॉइंटच्या अगदी शेजारून गेलेली. सरांनी बोलायला तोंड उघडलं. मी त्यांच्या पायावर पाय दिला. ट्रे उचलायला आलेला मुलगा दारातच उभा होता.

“हो काका, आहे खरी,” मी म्हणालो. “घरी जाऊन पाचर मारतो.”

घरी आल्यावर माझ्या लक्षात आलं की मी काय कबूल करून बसलो होतो. फटच नाही, तर पाचर मारू कुठे? पुढच्या रविवारी ती दाखवावी लागणार होती. मी तासभर खणाकडे बघत बसलो. मग पटाशी घेतली आणि नऊ वर्षांत जमलेला माझा सर्वांत चांगला जॉइंट अर्धं सूत, जाड पुठ्ठ्याएवढा, उघडला. बायको दारात उभी राहून बघत होती. तिने विचारलं, “चांगलं झालेलं मोडताय का?” मी म्हणालो, “दुरुस्त करतोय.” ती आत गेली. तिचा तो प्रश्न मला काकांच्या अकरा गोलांपेक्षा जास्त लागला.

काकांनी पाचर पाहिली आणि मान हलवली. आम्ही सुटलो. पण ते एकदाच होऊन थांबणार कसं? पुढच्या महिन्यात सरांच्या नव्या स्टँडवर असाच एक खोटा गोल आला. सरांच्या हातून आयुष्यात पहिल्यांदाच एक पाय सरळ आला होता, आणि त्यांनी तो घरी जाऊन कानशीने वाकडा केला. रविवारी येताना म्हणाले, “अहो, वाकडं करायला फार कौशल्य लागतं. इतकी वर्षं मी ते फुकट करत होतो.” आम्ही दोघं बसस्टॉपवर पोट धरून हसलो. आपण फार मोठं पुण्य करतोय असं आम्हाला मनापासून वाटत होतं. काकांची शेड आम्ही वाचवत होतो. शेड गेली तर काका दिवसभर काय करतील, याची मला काळजी होती. त्यांच्याइतकाच मी माझ्या रविवारसाठीही घाबरलो होतो, हे आज कबूल करायला हरकत नाही.

असे चार महिने गेले. टेबल पूर्ण झालं. घरी न्यायच्या आधी काकांनी ते शेवटचं तपासायला शेडमध्ये मागवलं. मुलगाही बघायला खाली आला. काकांनी खण ओढला, उलटा केला, आणि कोपऱ्यातली ती पाचर निसटून त्यांच्या तळहातावर पडली.

पाचर सुटली म्हणून आता अर्धा तास ऐकून घ्यावं लागणार, असं मला वाटलं. पण तसं झालं नाही. त्यांनी अंगठ्याचं नख त्या फटीत घातलं आणि आतून हळूहळू फिरवलं. डोळे मिटलेले होते.

“ही फट पटाशीने केलीय,” ते म्हणाले. “आतल्या कडेला धार लागतेय. आपोआप राहिलेली फट अशी नसते.”

त्यांनी खण खाली ठेवला.

“त्या दिवशी बोटाला फट लागली नव्हती. डोळ्याला दिसली, म्हणून मी डोळ्याचं ऐकलं.” त्यांनी माझ्याकडे तोंड केलं. “नव्हतीच ना?”

“नव्हती काका.”

“सर, तुमचा तो पाय?”

“सरळ होता,” सर म्हणाले.

“केव्हापासून चाललंय हे?”

“चार महिने.”

काकांनी पाचर खिशात टाकली आणि मुलाकडे वळले. “ऐकलंस. इन्स्पेक्शन चुकलं. शेड मोड, गाडी लाव.”

मुलगा त्यांच्याकडे बघतच राहिला. मग त्याने आमच्याकडे पाहिलं, आणि त्या पाहण्यात राग होता. “बाबा, मी शेड मोडणार नव्हतो हो. मी चिडून बोललो होतो. गाडी रस्त्यावर लावीन. तुम्ही फक्त डॉक्टरकडे जायला हवं होतं. मोतीबिंदू असेल, काढून टाकतील. यांनी त्याच दिवशी सांगितलं असतं तर मी दुसऱ्या दिवशी तुम्हाला घेऊन गेलो असतो.”

मी काहीतरी म्हणायला गेलो. आम्ही तुमच्यासाठीच केलं, अशा अर्थाचं. काकांनी हात वर करून मला थांबवलं. ते करवतीपाशी गेले आणि तिचं बटण बंद आहे का ते चाचपून पाहिलं. या चार महिन्यांत दर रविवारी त्या करवतीवर त्यांनी आमच्यासाठी फळ्या कापल्या होत्या. पात्यापासून चार बोटांवर हात ठेवून. आम्ही शेजारी उभे राहून फळीचं दुसरं टोक धरत होतो आणि चेष्टा करत होतो. त्यांना किती कमी दिसतंय हे जगात फक्त आम्हा दोघांना ठाऊक होतं.

ते परत आले आणि दोन्ही पंजे आमच्यासमोर पसरले.

“मोजा,” ते म्हणाले.

“काका, अहो...”

“सर, तुम्ही शिकवता ना? मोजा.”

सर मोजू लागले. मोठ्याने, एकेका बोटाला हात लावून. आठाशी ते थांबले. उरलेली दोन मी मोजली.