आधी स्वतः चावायची

मला त्या बाईचा राग यायचा. नव्वदच्या दशकात मी कशेळ्याच्या शाळेत शिकवायचे; शाळा सुटल्यावर तिथल्या एसटी थांब्यावर ती भेटायची. मुलगा मुंबईहून एड्स घेऊन परतला होता, त्याच्यासाठी ती डोंगरातल्या वाड्यांवरून मुळ्या आणायची. बस येईपर्यंत प्रत्येक मुळी आधी स्वतः चावून बघायची.

"विषारी निघाली तर?" मी एकदा चिडूनच विचारलं.

"म्हनून तर आदी मी खाते, बाई."

"अहो, या रोगावर औषध नाहीये!"

"नाय कसं? अजून गावलं नाय, असं म्हना."

दिवाळीनंतर तिचा मुलगा गेला. महिन्याभराने ती पुन्हा थांब्यावर दिसली. तोंडात मुळी होती, कडूपणाने डोळे मिटलेले.

"आता कुणासाठी?" मी हळूच विचारलं.

"शेजारनीचा पोरगा आलाय मुंबईवरनं. तसाच सुकलाय."