सातव्या क्रमांकाचं पत्र

बॉस्टनच्या विमानतळावर उतरेपर्यंत बावीस तास पिशवी माझ्या मांडीवरच होती. वाटेत विमान बदललं तेव्हाही ती मी कुणाच्या हाती दिली नाही. हवाईसुंदरीने दोनदा ‘वर ठेवू का?’ विचारलं, दोनदा मी ‘नको’ म्हटलं. पिशवीत माझ्या पणजोबांची वही होती. चौसष्ट पानं, सगळी मोडीत (कागदपत्रांच्या जुन्या घसरत्या लिपीत).

न्यायला चुलत बहीण इरा आली होती. ती जन्माने अमेरिकन, पेशाने वकील. “दादा, बॅग मागे टाक ना.”

“मांडीवर बरी आहे.”

“ओके, तुझी बॅग, तुझी मांडी,” म्हणत तिने गाडी काढली. श्रूजबरीपर्यंत सदतीस मैल झाले. दोन्ही बाजूंना ऑक्टोबरची लाल-पिवळी झाडं होती. गावात शिरताना तळं लागलं. पाटबंधारे खात्यात सव्वीस वर्षं पाण्याची पातळी लिहिल्यामुळे नजर आधी काठावर गेली. पाणी हातभर उतरलेलं होतं.

इराचे वडील, माझे दिनूकाका, दारात उभे होते. वय एकोणऐंशी, भूल देणारे डॉक्टर म्हणून निवृत्त. रात्री पिठलं-भात होता, सोबत मेक्सिकन मिरचीचा ठेचा. जेवण होईपर्यंत काका वहीबद्दल चकार शब्द बोलले नाहीत. ताट बाजूला सारल्यावर म्हणाले, “सुधीर, कशाला उकरतोयस?”

त्यांचा प्रश्न खोटा नव्हता. पहिल्या महायुद्धात तुर्क शत्रूच्या बाजूला गेले, तेव्हा इंग्रजांना अरबस्तानातला एक वाळवंटी अमीर आपल्या बाजूला हवा होता. त्याच्याशी तह करायला एक गोरा साहेब उंटांवरून निघाला. त्याचे कारकून आमचे पणजोबा. एकविसाव्या दिवशी साहेबाने त्यांना एकट्याला परत धाडलं. तह पुढे झाला. पणजोबा मात्र नोकरी गमावून गावी आले, आणि पाठोपाठ बोलवा आली की त्यांनी तुर्कांना बातम्या विकल्या. दिनूकाका त्यांचे नातू. शाळेत त्यांना ‘फितुराचा नातू’ म्हणत. काका अमेरिकेत आले त्याला बावन्न वर्षं झाली. पुण्याला येतात, सांगलीला माझ्याकडे येतात, पण गावात त्यांनी पाऊल टाकलेलं नाही.

वहीत त्या एकविसाव्या दिवशी एवढंच आहे : ‘आज चाल अकरा मैल. पाण्याच्या पखाली चार. साहेबांनी परत जाण्यास सांगितले. कारण विचारले नाही.’

त्या साहेबाची नात, मार्गारेटबाई, श्रूजबरीच्या पश्चिमेला चाळीस मैलांवर राहतात. वहीबद्दल इराने इंटरनेटवर चार ओळी टाकल्या होत्या, त्या वाचून बाईंनी लिहिलं, ‘आजोबांनी आजीला पाठवलेली पत्रं माझ्याकडे आहेत. तुमची वही पाहायला मिळेल का?’ त्या आजोबांवर पुस्तक लिहीत होत्या. माझ्या मनात पहिला विचार आला की हिला वही का हवी? दुसरा, फितुरीचा पुरावा हिच्याकडे असला तर तो छापायच्या आत मला दिसला पाहिजे.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता आम्ही बाईंच्या दारात होतो. आधी ‘मडरूम’ (चिखलाचे बूट आणि ओले कोट काढून ठेवायची खोली), मग उबदार बैठक. बाई सत्तरीच्या, उंच, बोलायला गोड. टेबलावर केळ्याचा केक कापून ठेवला होता. मी पाण्यालाही नको म्हटलं. कुणाच्या घरचं खाल्लं की त्याला नाही म्हणणं जड जातं, आणि मला नाही म्हणायची मोकळीक हवी होती.

“आधी वही बघू का?” बाई म्हणाल्या.

“आधी पत्रं,” मी म्हणालो.

इरा मराठीत पुटपुटली, “दादा, एक पीस खा ना यार. शी इज गेटिंग नर्व्हस.”

“होऊ दे.”

बाईंनी पत्रांचा गठ्ठा पुढे ठेवला. युद्धाच्या दिवसांत टपालाच्या बोटी बुडत. कुठलं पत्र पोचलं नाही ते कळावं म्हणून लोक पाकिटांवर क्रमांक घालत, तसे साहेबानेही घातले होते. मी एकेक पाकीट उलटं ठेवत गेलो. चार, पाच, सहा. त्यानंतर आठ. शेवटचं अकरा. मी पुन्हा मोजली. दहाच भरली.

“सातवं?”

“बुडालं असेल,” बाई म्हणाल्या, आणि त्यांनी केकची बशी माझ्याकडे सरकवली.

मी आठवं उघडलं. इंग्रजी मला सावकाश वाचलं तर नीट कळतं. पहिल्याच ओळीत होतं, ‘माझं सातवं मिळाल्याचं वाचून जिवात जीव आला.’ मी त्या ओळीवर बोट ठेवून पत्र बाईंकडे वळवलं.

 मग बाई उठून आत गेल्या. इरा म्हणाली, “दादा, तू माझ्या ऑफिसात का नाहीस?”

बाई परत आल्या तेव्हा हातात सातव्या क्रमांकाचं पाकीट होतं. “हे मी पुस्तकात घेणार नव्हते,” त्या म्हणाल्या. “ते माझे आजोबा आहेत.”

“आणि ते माझे पणजोबा,” मी म्हणालो.

त्यांनी स्वतःच वाचून दाखवलं. साहेबाने बायकोला लिहिलं होतं की अमिराच्या मजलिशीत (पाहुण्यांच्या बैठकीत) सगळे एका परातीतून जेवतात. जो जेवला तो शब्दाने बांधला गेला, आणि जो जेवला नाही त्याचे हात मोकळे. माझा कारकून मात्र लांब, पाठ करून, पडद्याआड आपला भात शिजवतो, आपलंच पाणी पितो, जेवताना बोलत नाही. तीन दिवसांत छावणीत बोलवा झाली की हा तुर्कांचा माणूस, विष कालवायला आलाय. आज अमिराने मला सरळ विचारलं. हिंदूचं सोवळं त्याला समजावण्यात आठवडा गेला असता आणि तह हातचा गेला असता. मी म्हणालो, ‘तुमचं खरं आहे, मलाही संशय आहे, उद्याच त्याला घालवतो.’ वरती पाठवायच्या अहवालातही तसंच लिहावं लागेल. माणूस प्रामाणिक आहे. हे मी फक्त तुला सांगतो.

मी ऐकत होतो. आमच्या घरात प्रत्येक मुंजीत, प्रत्येक लग्नात अभिमानाने सांगितलं जायचं की पणजोबांनी परमुलखात कुणाच्या हातचा घास घेतला नाही. फितुरीबद्दल बोलायचं नाही, आणि हे मात्र छाती काढून सांगायचं. दोन्ही गोष्टी एकच होत्या, हे कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं.

बशी अजून माझ्यासमोर होती. बाई तिच्याकडे बघत नव्हत्या, माझ्याकडेही नाही. मी एक तुकडा उचलला आणि खाल्ला. मग पिशवीतून वही काढून त्यांच्या हातात दिली. इराने पत्राचे फोटो घेतले, दोन्ही बाजूंचे.

परतताना मी म्हणालो, “जो अमिराशी खोटं बोलला, तो बायकोशी खरंच बोलला कशावरून?”

“दादा, स्वतःला वाईट दाखवायला कोण खोटं बोलतं?” इरा म्हणाली. 

काकांनी पत्र तीनदा वाचलं. चष्मा पुसला. “एक घास खाल्ला असता तर...” एवढंच म्हणाले आणि उठून बागेत गेले. पानं गोळा करायचं यंत्र बराच वेळ एकाच जागी घरघरत होतं.

सांगलीला परतल्यावर पहिल्या रविवारी मी गावात गेलो. पत्राची मराठी नक्कल सोबत होती. पारावर सगळ्यांत म्हातारे तात्या बसले होते, काकांच्या वर्गातले. मी त्यांना सगळं वाचून दाखवलं. तात्यांनी शांतपणे ऐकलं.

“चांगलं झालं,” ते म्हणाले. “पण फितूर कोण म्हणत होतं?”

“तुम्ही. शाळेत. दिनूकाकांना.”

“आम्ही?” तात्यांनी खूप आठवून पाहिलं. “दिनू गणितात हुशार होता बघ. येत का नाही तो कधी? मोठा डॉक्टर झाला, आमच्या ओळखीची लाज वाटते काय त्याला?” मग मी आणखी चार घरं फिरलो. कुणालाच काही ठाऊक नव्हतं.

संध्याकाळी काकांना फोन करून हे सांगितलं. त्यांच्याकडे सकाळ होती. 

“सुधीर,” काका म्हणाले, “मग बावन्न वर्षं मी कुणाला भिऊन गावात आलो नाही रे?”