जीपच्या ट्यूबमधली हवा

ह्यांनी मुंबईहून सोनमासे आणले, काचेची टाकी आणली आणि विजेवर चालणारा हवेचा पंपही आणला. आमच्या चौक गावात दिवसाउजेडी तासन्‌तास लाइट जाते, एवढाच विचार काय तो करायचा राहिला. पंप थांबला की मासे वर येऊन तोंडं उघडीत राहायचे. हायवेवर ह्यांचं स्पेअरपार्टचं दुकान होतं. शेजारच्या गॅरेजवाल्याने युक्ती सांगितली आणि जीपची एक ठिगळ लावलेली ट्यूबही दिली. सकाळी ट्यूब टम्म भरायची, तिच्या तोंडाला सलाइनची नळी जोडायची आणि नळीचं दुसरं टोक टाकीत सोडायचं. नळीवरचं चाक फिरवून हवा इतकी बारीक करायची की एकेक बुडबुडा निघत संध्याकाळपर्यंत पुरली पाहिजे. ट्यूब टाकीखाली जमिनीवर पडलेली असायची.

काही दिवस ठीक चाललं. मग मी खालापूरच्या कचेरीतून घरी यावं, तर ट्यूब चपटी आणि मासे वर.

ह्यांनी ट्यूब घंगाळात बुडवून पाहिली. पंक्चर नव्हतं.

"म्हणजे कोणीतरी हवा सोडतंय," मी म्हटलं.

"हवा कोण कशाला सोडेल?"

"तेच बघायचंय."

दुपारी घरात दोनच माणसं. एक माझे सासरे आणि दुसरी भांडी घासायला येणारी बाई. मामंजी घरचे, शिवाय माशांच्या भानगडीत त्यांना रस नव्हता. राहिली बाई. पहिल्याच दिवशी टाकीपुढे उभी राहून ती म्हणाली होती, "मासा काचंत ठेवायचा आनि कालवन वांग्याचं करायचं. बरं हाय, वयनी." ते माझ्या लक्षात होतं. तिच्या नवऱ्याचं काम सुटलं होतं, तिची चूल आमच्याच घरावर चालत होती, हेही मला ठाऊक होतं. पण नको तिथे हात घालणारी बाई मला घरात नको होती. आज हवा, उद्या डबे.

मी नळीच्या चाकाला दोरा गुंडाळला. जिथे नळी ट्यूबला जोडली होती तिथे नेलपेंटचा ठिपका दिला. संध्याकाळी दोरा जागच्या जागी, ठिपका शाबूत आणि ट्यूब चपटी. यावर संशय कमी व्हायला हवा होता, माझा वाढला. एवढी सफाई जिच्या हातात आहे ती आणखी काय काय करत असेल? मी साखरेचा डबा उघडून पाहिला. त्यात काही कमी दिसलं नाही, पण त्याने माझं समाधान झालं नाही.

त्याच दिवसांत मामंजींचंही काहीतरी बिनसलं होतं. सारखी सुरणाची भाजी आणि ताक मागायचे, तिखटाला शिवत नसत, चहासुद्धा ओटीवर उभ्यानेच घ्यायचे. माझ्या स्वयंपाकाला नावं ठेवायची ही नवी तऱ्हा असावी, असं मी धरून चालले.

रविवारी मी बाईला समोर घेतलं.

"खरं सांग, ट्यूबला हात लावतेस का?"

"झाडताना केरसुनी लागंल तेवढीच."

"मग हवा जाते कुठे?"

"मला काय म्हाईत? मी न्येऊन करू काय? पदराला गाठ मारून न्येऊ?"

"उलट बोलू नकोस. उद्यापासून येऊ नकोस."

तिचे हात राखेत होते. तिने पातेलं खाली ठेवलं. "हवेपायी माजं काम काडता, वयनी?"

मामंजी ओटीवर उभे होते. आत न येताच म्हणाले, "तिला काडू नको. ट्यूबवर मी बसतो."

"खुर्ची असताना?"

"खुर्चीवर बसवत नाय म्हनून तर." ते भिंतीकडे बघत होते. "मदी पोकळ हाय ती. बरं वाटतं."

सुरण, ताक, उभ्याने चहा. सगळं एकदम जुळलं.

"रक्त जातं का?" मी विचारलं. सुनेने सासऱ्याला हे विचारायचं नसतं, पण हे दुकानात होते आणि विचारायला दुसरं कोणी नव्हतं.

त्यांनी मान डोलावली.

"कधीपासून?"

"भात झोडल्यापासनं."

बाईने तोवर पातेलं पुन्हा हातात घेतलं होतं. "बाबा, तुमी बसलं की बुडबुडं लई येत असतील, न्हाई?"

"येतात," ते म्हणाले. "मासं खूश असतात."

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकली आणि त्यांना टेंपोने कर्जतच्या डॉक्टरकडे नेलं. ट्यूब बरोबर घेतली. ते पुढे तिच्यावरच बसले. डॉक्टर म्हणाले, मूळव्याध आणखी अंगावर काढली असती तर कठीण झालं असतं. त्यांनी औषध दिलं आणि ऑपरेशन करावं लागेल म्हणून सांगितलं. मामंजींनी आधी नाही म्हटलं, मग येताना टेंपोला खड्डा लागला तेव्हा हो म्हटलं.

घरी लाइट नव्हती. बाई टाकीपाशी उभी राहून तांब्याने तेच पाणी काढून वरून धार धरत होती. ट्यूब घरी नाही म्हणून सकाळी मी तिला तेवढं करायला सांगून गेले होते. मी आधी मासे मोजले.

"मोजा, वयनी. समदं हाईत."

होते. पाण्यावर मात्र राखेचा बारीक तवंग होता.

"हात धुतले नव्हतेस?"

"धुतलं व्हतं."

मी बोटाने तवंग तपासला. "उद्या लवकर ये," मी म्हटलं. "टाकी धुवायची आहे."