खात्रीकाका आणि नांगराची मोटार

खात्रीकाकांचं खरं नाव बंदरावर कुणाच्याच लक्षात नव्हतं. दुकानदाराने वजन सांगितलं, की हे विचारणार, "खात्री काय?" डॉक्टरने गोळी दिली, तरी "खात्री काय?" लग्नात फोटोवाला "छान आला हं" म्हणाला, तेव्हासुद्धा नवरदेवाने मान पुढे काढून हेच विचारलं होतं. काकू ती गोष्ट येणाऱ्याजाणाऱ्याला अजून सांगतात. नाव पडलं ते पडलंच.

तसा माणूस वाईट नव्हे हो. वय एकसष्ट, अंगकाठी मजबूत, गळाने मासे धरणारा. जाळ्याला त्यांनी आयुष्यात हात लावला नाही. एक अठरा फुटी होडी, चार गळ आणि समुद्रातली एक जागा, एवढ्यावर संसार झाला, लेकीचं लग्न झालं. पण त्या जागेपायी त्यांनी स्वतःला आणि घरच्यांना जो ताप दिला, तो विचारू नका.

किनाऱ्यापासून तासाभरावर पाण्याखाली एक खडक होता. गावातली पाण्याची टाकी आणि जुन्या कारखान्याचं धुराडं एका रेषेत आलं, आणि डावीकडे दीपगृह टेकडीच्या टोकाला टेकल्यासारखं दिसलं, की होडी बरोबर खडकावर. वीस हात इकडेतिकडे झालं तर खाली नुसती वाळू, मासा औषधालासुद्धा नाही. ही खूण वडिलांनी जाण्याआधी त्यांना दिली होती, आणि काकांनी ती छातीशी धरून ठेवली. खडकाकडे ते कधी सरळ जात नसत. आधी भलतीकडे जायचं, तिथे नांगर टाकून अर्धा तास खोटं बसायचं, मग वळसा घालून खडकावर यायचं. लांब एखादी होडी दिसली की गळ गुंडाळून घरी.

काकूंना त्यांनी चौतीस वर्षांत दहाबारा वेळा होडीतून नेलं असेल. दर वेळी त्यांना समुद्राकडे तोंड करून बसवलं. किनाऱ्याकडे बघायची सोय नाही.

"अहो, मी कुणाला सांगणार आहे? भांड्यांना?"

"तू नाही सांगणार गं. पण खात्री काय?"

आता सांगा, असल्या माणसाशी संसार करायचा म्हणजे काय!

बायकोची ही गत, तर बाकीच्यांचं विचारायलाच नको. लंबू त्यांचा चुलतभाऊ, तीन वर्षांनी धाकटा. दोघं एका ताटात जेवून मोठे झालेले. सतरा वर्षांपूर्वी काका खडकावर बसलेले असताना थोड्या अंतरावर लंबूची होडी दिसली. काकांच्या मनात पाल चुकचुकली. तेवढ्यात लंबूने हात वर करून हलवला. हा मागावर आला, जागा बघून गेला, आणि वर हात करून मला खिजवतोय! काकांनी तिरमिरीत नांगर ओढला, इंजिन सुरू केलं आणि निघून आले. त्या दिवसापासून लंबूशी बोलणं बंद. लंबू दोनदा दाराशी आला, दोन्ही वेळा काका मागच्या दाराने बाहेर पडले. तेव्हापासून बंदरावर समोरासमोर आले, तरी काका दोरखंडाकडे बघत पुढे जात.

तर अशी सगळी तटबंदी करून बसलेल्या माणसाचा खांदा दगा देऊन गेला.

खडकावर नांगर टाकणं सोपं, काढणं जिवावरचं. कपारीत अडकतो. वारा फिरला की होडी फिरते, पुन्हा काढा, पुन्हा टाका. दिवसातून सहासात वेळा हेच. चाळीस वर्षांनी उजव्या खांद्यातलं काहीतरी फाटलं. डॉक्टर म्हणाला, "नांगर ओढायचा की हात वापरायचा, एक काय ते ठरवा. आणखी एक झटका बसला तर हात खांद्याच्या वर जायचा नाही." काकांनी खात्री काय म्हणून विचारलं. डॉक्टरने त्यांचा हात नुसता कानापर्यंत उचलला, आणि काकांच्या डोळ्यांत पाणी आलं.

नांगराशिवाय होडी खडकावर थांबत नाही. खडकावर थांबली नाही तर मासा नाही. आणि समुद्र सुटला तर हा माणूस घरात बसून करणार काय? काकूंना तर त्या विचारानेच धडकी भरली. त्यांनीच कुठून तरी ऐकून आणलं, की नांगराचं काम करणारी विजेची मोटार मिळते. होडीच्या पुढच्या टोकाला बसवायची. उपग्रहावरून तिला आपली जागा कळते. बटण दाबलं, की वारा असो, प्रवाह असो, ती आपलीआपण फिरून, जोर लावून होडीला तिथल्या तिथे धरून ठेवते.

"उपग्रहाला कळते?" काका ताडकन उठून बसले. "म्हणजे माझी जागा आभाळात लिहिली जाणार!"

झालं. तीन महिने त्यांनी बंदराजवळच्या दुकानदाराचं डोकं खाल्लं. होडीच्या टोकापासून पाण्यापर्यंतची उंची काठीने मापून नेली, ती भरतीला वेगळी आणि ओहोटीला वेगळी येते का तेही बघितलं. होडी पाण्यावर तरंगते, कशी वेगळी येईल? दुकानदार बिचारा समजावून थकला. तुमच्या होडीला साठ इंची दांडा लागेल, नाहीतर लाटेवर पंखा पाण्याबाहेर येऊन नुसता घरघरेल. रेटा ऐंशी पौंडांचा हवा, दोन बॅटऱ्या लागतील. खाऱ्या पाण्याचीच घ्या, गोड्या पाण्याची वर्षात गंजेल. काकांनी सगळं ऐकून घेतलं आणि शेवटी आवाज खाली आणून विचारलं, "ती जागा लक्षात ठेवते म्हणता. मग दुरुस्तीला तुमच्याकडे आणली, की तुम्हाला दिसणार?"

"काका, मला पोहतासुद्धा येत नाही. मी तुमची जागा घेऊन काय करू?"

"विकाल."

दुकानदाराने कपाळाला हात लावला.

मग एका सकाळी त्याचाच निरोप आला. वापरलेली मोटार आहे, पाच वर्षांची, ठणठणीत, हवी तशी साठ इंची, आणि किंमत ऐकून खोटी वाटेल इतकी कमी. काकांना ती खोटीच वाटली.

"कुणाची?"

"नाव सांगू नका म्हणालेत मालक."

"का?"

"ते त्यांनाच माहीत."

कुठेतरी पाणी मुरतंय, हे काकांनी तिथल्या तिथे ठरवून टाकलं. चोरीची असेल. बुडालेल्या होडीवरची असेल. त्यांनी मोटार उलटीपालटी केली, पंख्याला नाक लावून वास घेतला, स्क्रू मोजले. दुकानदार म्हणाला, "चार दिवस लावून बघा. नाही पटली तर परत आणा. एवढंच, की रिमोटमध्ये आधीच्या मालकाच्या जागा तशाच राहिल्यात. थांबा, पुसून देतो."

"असू दे, असू दे," काका घाईघाईने म्हणाले आणि रिमोट खिशात टाकला. स्वतःच्या जागेसाठी जीव टाकणारा माणूस, पण दुसऱ्याच्या जागा फुकटात मिळतात म्हटल्यावर हात पुढे!

दुसऱ्या दिवशी सकाळी काकूंना घेऊन ते निघाले. खांद्यामुळे जोडीला कुणीतरी लागणारच होतं. काकू न सांगताच समुद्राकडे तोंड करून बसल्या. खऱ्या जागेवर परीक्षा घ्यायचा प्रश्नच नव्हता, म्हणून काकांनी भलत्याच ठिकाणी होडी थांबवली. दोराला धोंडा बांधून पाण्यात सोडला, दोराच्या वरच्या टोकाला रिकामा डबा बांधला, डब्याजवळ होडी आणली आणि बटण दाबलं. मोटार गुरगुरली, डावीउजवीकडे वळली आणि होडी उभी राहिली. काका डब्यावर डोळे लावून बसले.

पाऊण तासाने ते ओरडले, "बघ! सांगत नव्हतो? डबा कुठे आणि आपण कुठे! चांगली तीस हात सरकली. लबाड आहे मोटार!"

"अहो, डबाच चाललाय. माझ्या समोरून गेला आत्ता."

"डबा कसा जाईल? धोंडा बांधलाय."

"आणि दोर केवढा सोडलाय?"

काकांनी दोराकडे बघितलं. धोंडा हलू नये म्हणून त्यांनी दोर दोन पुरुष उंचीएवढा जास्त सोडला होता. मधल्या वेळात प्रवाह फिरला आणि डबा धोंड्याच्या या बाजूने त्या बाजूला गेला. चाळीस वर्षं पाण्यात काढलेल्या माणसाला हे कळू नये? कळतं हो. पण एकदा समोरचा लबाड आहे असं ठरवून बसलं, की आपलाच दोर सैल आहे हे दिसत नाही. काकूंची पाठ हलत होती, त्या अर्थी हसत असाव्यात.

चिडून काकांनी खिशातून चष्मा काढला आणि रिमोटमधल्या जागा बघायला घेतल्या. वाळूची कड. जुने खांब. बुडकी बोट. ह्या! सगळ्या जगाला माहीत असलेल्या जागा. फुकटचं मिळालं तेही असलं! मग यादीतली शेवटची ओळ आली, आणि काकांच्या हातातून रिमोट सुटता सुटता राहिला.

दादाची जागा. लांब राहा.

बंदरावर लहानथोर सगळे त्यांना काका म्हणत. दादा म्हणणारा जगात एकच माणूस होता.

"काय झालं?" काकूंनी विचारलं. काका रिमोट डोळ्यांजवळ नेऊन बघत होते. त्या नावाखाली अंतर दिसत होतं, कुठल्या दिशेला तेही दिसत होतं. त्यांनी इंजिन सुरू केलं आणि आयुष्यात पहिल्यांदा वळसा न घेता सरळ गेले. रिमोटवरचं अंतर शून्य झालं, तेव्हा त्यांनी मान वर केली. टाकी धुराड्याच्या मागे होती. दीपगृह टेकडीच्या टोकाला टेकलं होतं.

संतापाने त्यांचं डोकं फुटायची वेळ आली. म्हणजे सतरा वर्षं आपण म्हणत होतो ते खरंच! चोर तो चोर, वर आपल्यालाच मोटार विकतोय! पण बंदराकडे परत येताना त्या ओळीचा पुढचा भाग त्यांना टोचत राहिला. जागा चोरणारा माणूस तिथे लांब राहा असं कशाला लिहील?

होडी बांधून ते तडक लंबूच्या घरी गेले. काकू मागोमाग. लंबू ओसरीवर तुटक्या खुर्चीत बसला होता, डोळे दाराकडे होते पण नजर कुठेच नव्हती.

"कोण?"

"मी."

लंबू अर्धवट उठला. "दादा?"

काकांनी रिमोट पुढे केला आणि लक्षात आलं, की त्याला तो दिसत नाही. बंदरावर समोरून जाताना हा अलीकडे भिंत धरून चालायचा, ते त्यांनी कधी डोळे वर करून बघितलंच नव्हतं.

"ही जागा तुला कुणी सांगितली?"

"काकांनी. तुझ्या बाबांनी. तुला विषमज्वर झाला होता बघ, तेव्हा मला घेऊन गेले होते. दाखवली आणि म्हणाले, ही दादाची. त्याला सांगू नकोस, त्याला वाईट वाटेल. पण कधी त्याची होडी परत आली नाही, तर शोधायला कुठे जायचं ते एकाला तरी माहीत पाहिजे."

"मग मशीनमध्ये कशाला घातलीस?"

"डोळे जायला लागले होते ना. टाकी दिसेनाशी झाली. चुकून तुझ्या जागेवर जाऊन बसलो असतो, तर तू मला बुडवला असतास." लंबू हसला. "आता तर काहीच दिसत नाही. मोटार ठेवून काय करू? तुझ्या खांद्याचं कळलं होतं. माझी म्हटल्यावर तू घेतली नसतीस."

काका उभेच होते.

"त्या दिवशी हात का केलास मला?"

"इंजिन बंद पडलं होतं, दादा. वाटलं, तू ओढत नेशील. तू निघून गेलास. मग वल्ही मारत आलो. अंधार पडला यायला."

जन्मभर जिभेवर बसलेले "खात्री काय" हे दोन शब्द काकांना त्या वेळी सुचले नाहीत. ते खाली ओसरीच्या पायरीवर बसले आणि मोठ्याने रडले. दुखऱ्या हाताने डोळेसुद्धा पुसता येईनात, काकूंनी पदराने पुसले.

चार दिवसांनी होडीत तिघं होते. काकांनी खडकाजवळ येऊन बटण दाबलं, मोटार गुरगुरून स्थिर झाली. काकू सवयीने समुद्राकडे तोंड करून बसल्या होत्या.

"अगं, इकडे वळ. ती खूण दाखवतो तुला."

"टाकी आणि धुराडं ना? आणि दीपगृह टेकडीला टेकलं पाहिजे." काकू वळल्यासुद्धा नाहीत. "लग्न झाल्यापासून झोपेत बडबडताय. घोरणं परवडलं असतं."

लंबू खो खो हसला. मग हसणं थांबवून त्याने किनाऱ्याच्या दिशेने चेहरा वळवला.

"दादा, टाकी दिसतेय का रे?"

काकांनी आजूबाजूला बघितलं. लांब दोन होड्या होत्या. त्यांनी आवाज खाली आणला नाही.

"दिसतेय," ते म्हणाले. "बरोब्बर धुराड्याच्या मागे. तू गळ सोड."