कोरडी काठी
शेजारच्या गॅरेजातनं पेट्रोलचा वास आला की मला अक्कलकोटचा रस्ता दिसतो. तेव्हा मी सोलापुरात एका कापडवाल्या मालकाची मोटार चालवायचो. बायको माहेरी तापानं फणफणली, म्हणून मालकांनी मोटार दिली आणि मी तिला घेऊन सोलापूरच्या दवाखान्याकडं निघालो. चैत्रातली भर दुपार, रस्त्यावर चिटपाखरू नाही, आणि निम्म्या वाटेत पेट्रोलचा काटा तळाला टेकला. काट्यावर आम्ही ड्रायव्हर लोक विश्वास ठेवत नसू. टाकीत काठी घालून बघायची, हीच रीत. उन्हात पेट्रोल बघता बघता उडतं, म्हणून काठीला आधी माती चोळायची, म्हणजे ओल दिसते. मी तसंच केलं, तर काठी कोरडीच निघाली. मागच्या सीटवर पडलेली बायको डोळे मिटूनच म्हणाली, "हाय की अजून. हिंदकळतंय, मला ऐकू येतंय. चला तुमी." मी म्हणालो, "तापात बडबडू नकोस." मोटार तर उभी होती, टाकीत काय हिंदकळणार? पण दुसरा इलाज नव्हता. मोटार सुरू झाली ती थेट दवाखान्याच्या दारात जाऊन बंद पडली. उघडून बघितलं तर टाकी आतून खडखडीत. ताप उतरल्यावर मी तिला विचारलं, तू ऐकलंस तरी काय? ती म्हणाली, "भरली घागर घेऊन कोण तरी बाई मोटारीच्या मागनं येत हुती की. तुमी बघितलं न्हाय व्हय?" मी नव्हतं बघितलं. यंदा ती गेली. आता दुपारी चालताना मी सारखा मागं वळून बघतो, पण मागं कुणी नसतं.