न उघडलेले कागद

माझा राग नाकावर असतो, हे आमच्या नंदुरबारात सगळ्यांना ठाऊक आहे. नवरा म्हणतो, मिरची वाळत घालतात त्या पथारीवर लहानाची मोठी झाले त्याचा हा परिणाम. असेल. पण ज्या दुपारी मी एका नर्सिंग शाळेच्या सचिवांच्या केबिनमध्ये इतक्या जोरात ओरडले की शेजारच्या वर्गातला तास थांबला, त्या दुपारचा राग मिरचीचा नव्हता. तो अजून उतरलेला नाही, आणि उतरावा अशी माझी इच्छाही नाही.

मी वेबसाइट आणि ईमेलची कामं करते. शाळा, पतसंस्था, दवाखाने, ज्यांना स्वतःच्या नावाचा ईमेल पत्ता हवा असतो त्यांना सर्व्हरवर जागा घेऊन द्यायची, खाती उघडून द्यायची आणि मग वर्षभर ‘मॅडम, मेल उघडत नाही’ हे ऐकत बसायचं. या नर्सिंग शाळेची खातीही मीच उघडली होती. एक सचिवांचं, एक प्राचार्यांचं, एक प्रवेशाचं. यातलं प्रवेशाचं खातं खरं कामाचं. धडगावच्या वरच्या पाड्यांवरून येणाऱ्या मुलींना कागदपत्रांसाठी घाट उतरून पुन्हापुन्हा हेलपाटे नकोत, म्हणून कागदपत्रं ईमेलने पाठवा, असं शाळेच्या माहितीपत्रकातच छापलेलं होतं. खाली सचिवांचा फोटो होता, हसरा.

आता ईमेल म्हटलं की कचरा आलाच. कुठल्या तरी देशातली विधवा बाई रोज सचिवांच्या नावावर करोडो रुपये करायला निघालेली असायची. लॉटरी, बिनव्याजी कर्ज, पुरुषांची ताकद वाढवणारी औषधं. ही औषधं प्राचार्यबाईंच्या खात्यात जास्त येत, आणि त्या बिचाऱ्या कोणाला सांगायची सोय नाही म्हणून स्वतःच पुसत बसत. एकदा ‘तुमचं खातं भरलं आहे, पासवर्ड टाका’ असा मेल आला आणि तिथल्या क्लार्कभाऊंनी अगदी आज्ञाधारकपणे पासवर्ड टाकला. मग प्रवेशाच्या खात्यातून सगळ्या जगाला लॉटरीचे मेल जायला लागले. सचिवांनी मला बोलावलं आणि म्हणाले, “मॅडम, हे सगळं बंद करा. कडक बंदोबस्त पाहिजे.”

मी बंदोबस्त केला. पासवर्ड बदलले, आणि सर्व्हरवर कचरा ओळखणारा फिल्टर चालू केला. हा फिल्टर येणाऱ्या प्रत्येक मेलला गुण देतो. विषय लिहिलेला नाही, दे गुण. आत मजकूर नाही, नुसत्या जड फाइली आहेत, दे गुण. एकाच पत्त्यावरून एकामागून एक मेल येतायत, आणखी गुण. गुण ठरलेल्या आकड्याच्या वर गेले की मेल कचऱ्याच्या फोल्डरमध्ये जातो. आमच्याकडे पथारीवर बायका मिरची निवडतात तसंच हे. रंग उडालेली फटकी मिरची वेगळी काढतात, पण पेटवून देत नाहीत. तिचाही ढीग करतात आणि जाणतं माणूस त्यावरून हात फिरवतं. म्हणून मी क्लार्कभाऊंना बजावलं की रोज सकाळी आल्यावर आधी कचऱ्याचं फोल्डर उघडायचं, नजर टाकायची, चांगला मेल दिसला तर बाहेर काढायचा. चहा येईपर्यंत होणारं काम.

सचिवांना हे पटलं नाही. “कचरा काय कोणी उघडून बघतं का? आल्या आल्या डिलीट नाही का होत?”

“होतं. तसं बटण आहे. पण ते दाबायचं नाही. डिलीट झालेला मेल मलाही परत आणता येणार नाही, आणि पाठवणाऱ्याला कळणारसुद्धा नाही की तो गेला. प्रवेशाच्या खात्यावर तर अजिबात नाही.”

“बरं बरं,” ते म्हणाले. या ‘बरं बरं’चा अर्थ मला तेव्हा कळायला हवा होता म्हणतात लोक. का कळायला हवा होता? शिकलेल्या माणसाला समजावून सांगितलं, त्याने मान हलवली. आता त्याच्या घरी जाऊन पहारा द्यायचा होता का मी?

पुढे प्रवेश सुरू झाले. मध्ये एका लग्नात सचिव भेटले. हातात मठ्ठ्याचा ग्लास. म्हणाले, “मॅडम, एक नंबर काम केलंत. आता एकही फालतू मेल येत नाही. फोल्डर अगदी स्वच्छ.” मी खूश झाले. आपल्या कामाचं कौतुक कोणाला नको असतं?

मग एक दिवस त्यांचाच फोन आला. आवाज चढलेला. त्यांच्या व्याह्यांनी कुठल्याशा मोठ्या कार्यक्रमाची पत्रिका ईमेलने पाठवली होती, ती पोहोचलीच नाही, सोयरिकीत रुसवाफुगवी झाली. तुमच्या फिल्टरने घोळ केला, ताबडतोब या. गेले.

पोहोचले तर क्लार्कभाऊंच्या टेबलासमोर एक मुलगी उभी होती आणि तिच्यामागे तिचा बाप. बापाच्या खांद्यावर टॉवेल, पायात नवी चप्पल. दोघं धडगावच्याही वरच्या एका पाड्यावरून आली होती. आधी पायी, मग खच्चून भरलेल्या जीपने, मग एसटीने. मुलगी शाळेतलं मराठी बोलत होती, प्रत्येक शब्द जपून. “सर, प्रवेशाच्या यादीत जिचं नाव शेवटचं आहे तिच्यापेक्षा माझे गुण जास्त आहेत. मग माझं नाव का नाही?”

“बेटा, तुन्हा मेल उनाच नही, मंग मी काय करू?” क्लार्कभाऊ अहिराणीत म्हणाले.

“पाठवला होता सर. दुकानातून पाठवला. माझ्यासमोर.”

“उनाच नही म्हनी ऱ्हायनू ना. कागदच नहीत तर नाव कसं टाकतील?”

बाप मध्येच तिला त्यांच्या पावरी बोलीत काहीतरी विचारत होता आणि ती मान न वळवता हळू उत्तर देत होती. मी माझ्या कामासाठी आले होते, पण ‘दुकानातून’ हा शब्द ऐकला आणि माझे पाय तिथेच थांबले. मी तिला विचारलं, कुठल्या दुकानातून, कधी?

तिने सांगितलं ते धडगाव माहीत असलेल्या कोणालाही नवीन नाही. पाड्यावर रेंज नाही. लोक खाली येतात ते बाजाराच्या दिवशी. मीठ-मिरची, बँक, दवाखाना, दाखले, सगळं त्याच दिवशी उरकायचं. तिथे एक झेरॉक्सचं दुकान आहे. मुलींना स्वतःचा ईमेल नसतो. दुकानदाराचा ईमेल तोच सगळ्यांचा ईमेल. त्या दिवशी दुकानात नर्सिंगच्या अर्जासाठी मुलींची रांग लागली होती. दुकानदार एकेकीचे कागद मोबाइलवर फोटो काढून पाठवत होता, एक झालं की दुसरं. विषय लिहिण्याचा प्रश्नच नव्हता. फोटो पाठवायचा म्हणजे पाठवायचा, व्हॉट्सअपवर कोण विषय लिहितं?

म्हणजे बघा. एकच पत्ता, एकच दुपार, एकामागून एक मेल, विषय कोरा, मजकूर कोरा, आत जड फोटो. फिल्टरच्या नजरेत याच्याइतका अट्टल लॉटरीवाला दुसरा नसेल. पण फिल्टर यंत्र आहे, त्याला बाजाराचा दिवस कळत नाही. म्हणूनच तर मी कचऱ्यावर माणसाची नजर ठेवायला सांगितली होती.

“भाऊ, कचऱ्याचं फोल्डर उघडा,” मी म्हटलं.

“ते रिकामंच ऱ्हास ताई.”

“रोज बघता?”

“पहिले देखू. आते त्यामा काही येतच नही.”

त्यांना उठवून मी त्यांच्या खुर्चीत बसले आणि सर्व्हरचं पॅनल उघडलं. डिलीटचं बटण चालू. आणि गुणांची मर्यादा मी ठेवली होती तिथून ओढून पार खाली आणलेली, म्हणजे जरा संशय आला की मेल खलास. खात्री करायला मी माझ्या मोबाइलवरून भिंतीवरच्या कॅलेंडरचा फोटो काढला आणि विषय न लिहिता प्रवेशाच्या खात्यावर पाठवला. पाठवला गेला. आणि आला नाही. कुठेच आला नाही. मुलगी माझ्या खांद्यावरून बघत होती. तिला समजलं. बापाला तिने काय सांगितलं कोण जाणे, पण तो माझ्या मोबाइलकडे बघत राहिला.

“हे कोणी केलं?” मी क्लार्कभाऊंना विचारलं.

“साहेबनीच करं ताई. मी नुसता पासवर्ड दिना. मन्हा काय गुन्हा शे?”

तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात ती अशी. मी सरळ केबिनमध्ये शिरले. सचिव म्हणाले, “सापडली का पत्रिका?”

मी त्यांना सांगितलं. शांतपणे सुरुवात केली होती, खरंच. बटण तुम्ही दाबलंत. तुमच्या व्याह्यांची पत्रिका तुम्हीच जाळलीत, आणि तिच्याबरोबर धडगावच्या मुलींचे अर्जही. एक जण बाहेर उभी आहे. तिचे कागद वेळेत आले होते. तिला जागा द्या.

“तारीख गेली मॅडम. पुढच्या वर्षी करू दे अर्ज.”

“तारखेच्या आत आले होते.”

“आमच्याकडे नाहीत ना पण. आणि मला सांगा, मेल पाठवायची काही पद्धत असते की नाही? साधा विषय लिहिता येत नाही, त्या मुली उद्या पेशंटला सुई टोचणार?”

इथे मी ओरडले. काय काय ओरडले ते सगळं आठवत नाही. एवढं आठवतं की मी म्हटलं, तुम्हाला करोडो द्यायला निघालेल्या त्या विधवा बाईला विषय छान लिहिता येतो. माहितीपत्रकावर हसरा फोटो छापून घाटावरच्या मुलींना बोलवायचं आणि दार लावून आत झोपायचं. फोल्डर स्वच्छ हवं होतं ना तुम्हाला, झालं स्वच्छ! शेजारचा वर्ग गप्प झाला. प्राचार्यबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. त्यांनीच हळू आवाजात सांगितलं की यादीतल्या एका मुलीने दुसरीकडे प्रवेश घेतला आहे, एक जागा रिकामी आहे.

सचिवांनी बाईंकडे असं पाहिलं की त्या लगेच मागे सरकल्या. पण आता ते नाही कसं म्हणणार? तो दुकानदार पाठवलेला मेल तारखेसकट दाखवील, मुलीकडे मूळ कागद पिशवीत आहेतच, आणि मी तिथून हलत नव्हते. त्यांनी मुलीला आणि बापाला आत बोलावलं. खुर्चीत सावरून बसले. “हे बघा, नियमात बसत नाही. पण गरिबाची पोर आहे, आम्ही मोठ्या मनाने घेतोय.”

मुलीने बापाला सांगितलं. बापाने टॉवेल खांद्यावरून काढला, पुढे झाला आणि वाकून सचिवांच्या पायांना हात लावला. सचिवांनी पाय मागे घेतले नाहीत. “असू दे, असू दे,” म्हणाले.

मी दात आवळून उभी राहिले. बोलले असते तर जागा गेली असती. त्या माणसाला हाताला धरून उठवावं आणि सांगावं की बाबा, याने उपकार नाही केले, याने तुझ्या पोरीचं जवळजवळ वाटोळं केलं होतं, असं आतून उसळत होतं. मुलीच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं. ती बापाच्या पाठीकडे बघत होती.

ती दोघं बाहेर गेल्यावर मी म्हटलं, “आणि बाकीच्यांचं? कागद गेले ते हिच्या एकटीचेच नव्हते. नोटीस लावा, मेल हरवले म्हणून सांगा, पेपरात द्या.”

“संस्थेची बदनामी करायचीय का तुम्हाला? एकीला घेतलं ना? मिटलं आता,” ते म्हणाले आणि मोबाइल कानाला लावला. पलीकडे कोणी होतं असं मला वाटत नाही.

मी बटण बंद केलं, मर्यादा पूर्वीच्या जागी नेली, दुकानदाराचा पत्ता कधीही न अडवायच्या यादीत टाकला. पुढच्या आठवड्यात त्यांनी ते काम माझ्याकडून काढून घेतलं. घेऊ दे.

पण त्या दिवशी शाळेबाहेर आल्यावर गाडी चालू न करता मी आधी त्या दुकानदाराला फोन लावला. नंबर मुलीनेच दिला होता. त्याला विचारलं, तुझ्या रांगेतल्या बाकीच्या मुलींनी काही चौकशी केली का?

“नाही मॅडम. यादीचा फोटो मीच दाखवला त्यांना दुकानात. नाव नाही म्हटल्यावर गेल्या.”

“अरे, कोणी विचारलं पण नाही, का नाही म्हणून?”

“कोणाला विचारणार? ही एकच भांडखोर आहे. एक तर हिच्याहून हुशार होती, मार्क पण जास्त. तिला मी म्हटलं, चल, शाळेत फोन लावू. तर म्हणाली, नको दादा, त्यांनी माझे कागद बघूनच ठरवलं असेल ना.”

मी त्याला घाईघाईने सांगायला लागले की तिला निरोप दे, तिचे कागद कोणी बघितलेच नाहीत. कोणी उघडलेसुद्धा नाहीत. तिच्यात काही कमी नव्हतं.

“आता कसा देऊ मॅडम? ती गेली गुजरातला, मजुरीला. सगळं घरच गेलं.”

“मग मला आधी फोन का नाही केलास?” मी भर रस्त्यात त्याच्यावर ओरडले. त्याला मी कोण, हेही त्या दिवसापर्यंत माहीत नव्हतं.